भूमितीला पुन्हा भूमीवर आणा!

‘भूमिती’ या शब्दात ‘भूमी’ आहे, हे माझ्या लक्षात आलं ते सिव्हिलला ॲडमिशन घेतल्यानंतर! त्याआधी दहा वर्षं हा विषय माझ्यासाठी फक्त ‘जॉमेट्री’ होता. कॉन्व्हेंटमध्ये आम्हा मुलींना पॅरॅलेलोग्रॅमचं स्पेलिंग झोपेतसुद्धा यायचं; त्यात ‘एल’ किती आणि कुठे यावर अर्धा मार्क अवलंबून असायचा. पण तो शब्द नक्की काय सांगतो, याची चौकशी वर्गात कधी झाली नाही. (मराठी आमची थर्ड लँग्वेज. तेव्हा शुद्धलेखनाचं संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं, ही नम्र विनंती!)

भू म्हणजे जमीन, मिती म्हणजे मोजमाप. ग्रीकमधून आलेल्या ‘जॉमेट्री’चा अर्थही अगदी हाच. म्हणजे दोन्ही भाषांनी नावातच सांगून ठेवलंय की हा विषय जमीन मोजण्यातून आला. आणि आपण तो शिकवतो कुठे? फळ्यावर, वहीत, आणि आता स्मार्टबोर्डवर. जमीन सोडून सगळीकडे!

माझं म्हणणं सरळ आहे. त्रिकोण, चौकोन, पंचकोन, षटकोन, म्हणजे ज्यांना पुस्तक बहुभुजाकृती म्हणतं, त्या पाचवी ते आठवीच्या मुलांना आधी मैदानावर शिकवाव्यात. दोरी, खुंट्या आणि फक्की घेऊन. वही त्यानंतर उघडावी. ‘मुलांना जरा गंमत’ म्हणून मी हे सांगत नाहीये. हा विषय शिकण्याचा क्रमच तो आहे, असं मला वाटतं. आणि दुसरं म्हणजे, या कामात आपलं कॉलेज काहीतरी करू शकतं. ते काय, हे शेवटी सांगते.

आधी फळ्याचा प्रॉब्लेम बघा. फळ्यावरचा चौरस नेहमी एका बाजूवर शहाण्या मुलासारखा ताठ बसलेला असतो. त्रिकोणाचा पाया नेहमी खाली. आयत नेहमी आडवा. वर्षभर असंच बघितल्यावर मुलाच्या डोक्यात चौरसाची व्याख्या तयार होत नाही, चौरसाचा फोटो तयार होतो. मग तोच चौरस जरा तिरका करून टोकावर उभा केला की मूल म्हणतं, हा चौरस नाही. नेदरलँड्समध्ये पियर आणि डीना व्हॅन हिले या शिक्षक दांपत्याने १९५७ मध्ये नेमका हाच विषय संशोधनासाठी घेतला होता. त्यांचं म्हणणं असं की मुलं भूमितीत पायरीपायरीने वर चढतात. पहिल्या पायरीवर ती आकार फक्त दिसण्यावरून ओळखतात. दुसऱ्या पायरीवर त्या आकाराचे गुणधर्म बघतात. व्याख्या आणि सिद्धता यांची पाळी त्यानंतर येते. आणि मधली पायरी गाळून वर उडी मारता येत नाही. आपल्या शाळांत नेमकी ती मधली पायरीच गाळली जाते, असं मला वाटतं. मूल आकार ओळखतं आणि लगेच व्याख्या पाठ करतं. मध्ये हाताने काही करणं नाहीच!

गेल्या टर्मला एनएसएसकडून आम्ही सात-आठ जणी कॉलेजच्या मागच्या वाडीतल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शनिवारी सकाळी जात होतो. सहावीची २८ मुलं. मैदानावर फक्कीने एक मोठा चौरस आखला आणि चारी बाजूंना, चारी कोपऱ्यांशी मुलांना उभं केलं. विचारलं, कोणता आकार? बाजूला उभी असलेली मुलं ओरडली, ‘चौरस!’ कोपऱ्याशी उभा असलेला एक मुलगा म्हणाला, ‘ताई, ही तर शंकरपाळी!’ झालं, भांडण सुरू! आम्ही काहीच बोललो नाही. शेवटी एक मुलगी त्याचा हात धरून त्याला बाजूवर घेऊन आली आणि म्हणाली, ‘आता इथनं बघ.’ तो बघून आला, परत कोपऱ्यावर गेला, परत आला. मग म्हणाला, ‘आपण हललो, तो कुठे हललाय?’

मित्रहो, हे वाक्य कुठल्याही गाइडमध्ये मिळणार नाही. आकार बघणाऱ्याच्या जागेवर अवलंबून नसतो, ही भूमितीतली फार मोठी गोष्ट आहे. जमिनीवर काढलेल्या आकृतीला ‘वर’ आणि ‘खाली’ नसतं, म्हणून ती तिथे कळते. भिंतीवरच्या फळ्याभोवती फेरी कशी मारणार?

दुसऱ्या शनिवारी बारा मीटरची दोरी घेतली, टोकं बांधून फास केला आणि तीन-तीन मीटरवर खुणा करून चार मुलांच्या हातात दिली. सांगितलं, चौरस करा. चारही बाजू सारख्याच, त्यामुळे त्यांना वाटलं झालं काम. पण समोरासमोरच्या दोघांना जरा बाहेर ओढलं की चौरसाची शंकरपाळी! बाजू त्याच, आकार वेगळा. पुस्तकाच्या भाषेत हा समभुज चौकोन. मग चौरस नक्की कधी होतो? मुलांनी दोन आणखी दोऱ्या मागितल्या आणि कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात ताणल्या. दोन्ही तिरक्या दोऱ्या सारख्या झाल्या की चौरस. त्या दिवशी एका वहीत लिहिलेली व्याख्या अशी होती : ‘चारी बाजू सारख्या आणि दोन तिरक्या दोऱ्या सारख्या म्हणजे चौरस.’ पुस्तकात अशी व्याख्या नाही. तिथे बाजू आणि काटकोन असतात. पण ही व्याख्या शंभर टक्के बरोबर आहे! समभुज चौकोनाचे कर्ण सारखे असतील तर शेजारचे दोन कोन ‘बाबाबा’ कसोटीने सारखे निघतात, आणि त्या दोघांची बेरीज १८० असल्यामुळे प्रत्येक कोन ९०. (कॉन्व्हेंटवाल्यांसाठी खुलासा : बाबाबा म्हणजे आपलं एसएसएस. बाजू-बाजू-बाजू. मीसुद्धा पहिल्यांदा ऐकलं तेव्हा खूप हसले होते!)

याच दोरीचा आणखी एक उपयोग. फास तोच, बारा मीटरचा. आत जुन्या वर्तमानपत्रांचे एक मीटर बाय एक मीटरचे तुकडे चिकटवून मांडायचे. दोरीचा ५ बाय १ चा आयत केला तर आत ५ कागद मावतात. ४ बाय २ केला तर ८. आणि ३ बाय ३ चा चौरस केला तर ९. परिमिती तीच, क्षेत्रफळ वेगळं! आपण गणित करून बघितलं तर समभुज त्रिकोणात जेमतेम ६.९ चौरस मीटर येतात, षटकोनात १०.४, आणि गोल केला तर जवळजवळ ११.५. बाजू वाढत जातात तशी जागा वाढते. एका मुलाने विचारलं, ‘म्हणजे कुंपण तेवढंच लागतं, पण शेत कमी-जास्त होतं?’ शेतकऱ्याच्या घरातलं मूल आहे ते. परिमिती आणि क्षेत्रफळ यांतला गोंधळ त्याच्यासाठी फक्त दोन मार्कांचा नाही. बांधाच्या लांबीवरून जमिनीचा अंदाज करणारा माणूस व्यवहारात फसू शकतो.

आता कोनांकडे येऊ. बहुभुजाकृतीच्या आतल्या कोनांची बेरीज किती? आपल्यापैकी कोणालाही रात्री दोनला उठवून विचारा, ‘एन मायनस टू इंटू वन एटी’ असं उत्तर येईल. का? इथे मात्र रूम शांत! आता हेच चालून बघा. मैदानावर एक षटकोन आखा. एका मुलीला एका बाजूवर उभं करा, तोंड झेंड्याच्या खांबाकडे येईल असं. तिने बाजूबाजूने चालायचं आणि प्रत्येक कोपऱ्यावर पुढच्या बाजूकडे वळायचं. पूर्ण फेरी मारून ती जागेवर आली की तोंड पुन्हा खांबाकडे. म्हणजे सगळी वळणं मिळून ती स्वतःभोवती बरोबर एकदा फिरली, ३६० अंश. सहा कोपरे सारखे असतील तर प्रत्येक वळण ६० चं. पंचकोनात ७२ चं. आणि प्रत्येक कोपऱ्यावर वळण अधिक आतला कोन मिळून १८०. म्हणजे जितके कोपरे तितके १८० घ्या आणि त्यातून एक पूर्ण फेरी, म्हणजे ३६०, वजा करा. तेच आपलं ‘एन मायनस टू इंटू वन एटी’! पाठ करायची गरजच उरली नाही. सेमूर पॅपर्ट या गणितज्ञाने मुलांसाठीच्या ‘लोगो’ या कॉम्प्युटर भाषेतलं कासव याच कल्पनेवर चालवलं, आणि १९८० मध्ये आलेल्या ‘माइंडस्टॉर्म्स’ पुस्तकात त्याचं सगळं मर्म सांगितलं. त्याचा सल्ला असा, की कासवाला कसं चालवायचं हे कळत नसेल तर स्वतः कासव होऊन चालून बघा. तेव्हा कॉम्प्युटरवाल्यांनी नाक मुरडू नये. त्यांच्याकडेही रस्ता पायांवरूनच जातो!

हेच षटकोनाच्या रचनेचं. फर्स्ट इयरच्या ईडीत सगळेच काढतात : वर्तुळ काढा, त्रिज्येएवढंच अंतर परिघावर सहा वेळा घ्या, रेषा जोडा. सहाच वेळा का बसतं? काचेखाली बल्ब लावून रात्र-रात्र जीटी मारणाऱ्या समस्त बंधुभगिनींनी याचं उत्तर मनातल्या मनात देऊन बघावं! मैदानावर खुंटीला दोन मीटरची दोरी बांधून वर्तुळ आखलं आणि त्याच दोरीने परिघावर सहा मुलं उभी केली, की उत्तर समोर दिसतं. मधला एक आणि शेजारचे दोघे, तिघांमधली अंतरं सारखीच. समभुज त्रिकोण, प्रत्येक कोन ६०. मधल्याभोवती असे सहाच बसतात. शीटवर जीटी मारली तर षटकोन येतो, पण त्यातले सहा त्रिकोण दिसतीलच असं नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मुलांना बाहेर नेलं की गणित आपोआप येतं, असं मी म्हणत नाही. काही शाळा ट्रिप काढतात. ‘बघा, मधाचं पोळं, षटकोन! बघा, सुकलेल्या तळ्यातला चिखल, बहुभुज!’ असं दाखवतात आणि परत येतात. हे पहिल्या पायरीवरच थांबणं झालं. नावं ठेवून झाली, पुढे काय? आपल्या मेसची भेंडी आडवी कापली की पाच कोपरे दिसतात, म्हणून मेसमध्ये जेवणारा प्रत्येक जण भूमितीतज्ज्ञ होत नाही! प्रश्न विचारला पाहिजे. पोळ्यात षटकोनच का, पंचकोन का नाही? त्यासाठी पुठ्ठ्याचे सारखे पंचकोन कापून शाळेच्या व्हरांड्यात फरशीसारखे लावायला द्या. एका बिंदूशी तीन लावले की १०८ गुणिले ३, म्हणजे ३२४. मध्ये ३६ अंशांची फट राहते, चौथा तर मावत नाही. षटकोनांचे १२० गुणिले ३ बरोबर ३६०, फट नाही. म्हणजे एकाच मापाच्या आणि सगळ्या बाजू, सगळे कोन सारखे असलेल्या तुकड्यांनी फरशी घालायची तर त्रिकोण, चौरस आणि षटकोन, एवढे तीनच. आता पोळ्याकडे बघितलं तर ते नुसतं ‘सुंदर’ दिसत नाही, त्यामागचं कारणही दिसायला लागतं. मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट हिल नावाची बेसाल्टची टेकडी आहे. लाव्हा थंड होताना आकसला, त्याला तडे गेले आणि उभे खांब तयार झाले, अशा खांबांचे छेद कुठे पाच बाजूंचे, कुठे सहा बाजूंचे. फरशीचा खेळ खेळलेलं मूल तिथे जाऊन नक्की विचारेल, मधमाशीला जमतं ते सगळीकडे सारखं लाव्हाला का नाही जमलं? त्या प्रश्नासाठी बाहेर न्यायचं.

आता ज्या गोष्टीमुळे मी हा लेख लिहायला बसले, ती सांगते. तिसऱ्या शनिवारी काटकोन होता. दोरीला सारख्या अंतरावर खुणा करून बारा भाग केले आणि ३, ४, ५ असा त्रिकोण ताणला की ३ आणि ४ मधला कोन काटकोन. हे आम्ही सांगणार, इतक्यात मागून एक मुलगी म्हणाली, ‘ताई, माझे पप्पा असंच करतात. गुण्या लहान पडला की.’ तिचे वडील गवंडी आहेत, आपल्याच होस्टेलच्या नव्या विंगवर काम करतात. मग तिनेच पुढे येऊन सगळं करून दाखवलं. पाया आखताना पप्पा तीन फुटांवर खूण करतात, दुसऱ्या दोरीवर चार फुटांवर करतात, आणि तिरकं अंतर पाच फूट भरेपर्यंत दोरी सरकवतात. खोली मोठी असेल तर सहा, आठ आणि दहा. ‘लहान धरलं तर चूक मोठी होते,’ हे तिचं वाक्य. आमच्या सर्व्हेइंगच्या सरांनी हेच आम्हाला अर्ध्या तासाच्या लेक्चरमध्ये सांगितलं होतं!

वर्गशिक्षिका बाई नंतर म्हणाल्या, ही मुलगी गणिताच्या तासाला कधी हात वर करत नाही. मला त्याचं फार वाईट वाटलं. त्या मुलीच्या घरात पायथागोरस रोज संध्याकाळी जेवायला असतो! पण शाळेत तो येतो तेव्हा इस्त्रीचे कपडे घालून, वेगळ्याच भाषेत बोलत येतो, आणि ती त्याला ओळखत नाही. वर्षानुवर्षं अशी मुलं ‘गणितात कच्ची’ म्हणून बाजूला पडतात. मैदानावर दोरी काढली तर ती अचानक पुढे येतात, कारण दोरी त्यांच्या ओळखीची आहे. माझ्या दृष्टीने मैदानावर शिकवण्याच्या बाजूचा सर्वांत मोठा मुद्दा हाच. एरवी मार्कं मिळवणाऱ्या मुलांना तर फळ्यावरूनही मार्कं मिळतातच.

आणि ही दोरी आजची नाही. वैदिक काळात यज्ञाच्या वेद्या बांधण्यासाठी जी शुल्बसूत्रं रचली गेली, त्यातल्या ‘शुल्ब’ शब्दाचा अर्थच दोरी. बौधायन, आपस्तंब, कात्यायन यांच्या नावावर ही सूत्रं आहेत. चौरस कसा आखावा, आयताचं चौरसात रूपांतर कसं करावं, हे सगळं दोरी आणि खुंट्यांनी. कर्णाचा नियमही त्यात आहे. आपण ‘आमच्याकडे पायथागोरसच्या आधी होतं’ म्हणून छाती फुगवतो, पण ज्या दोरीने ते होतं ती दोरी मात्र मुलांच्या हातात देत नाही.

नंतरच्या काळातलं बघायचं तर आपला देशच्या देश असाच मोजला गेला. विल्यम लॅम्ब्टनने १८०२ मध्ये मद्रासजवळ एक पायारेषा मोजून सुरुवात केली आणि त्रिकोणाला त्रिकोण जोडत हे काम उत्तरेकडे सरकत गेलं. त्रिकोणच का? कारण एक बाजू आणि दोन कोन कळले की त्रिकोण पक्का होतो, तो दोरीच्या चौकोनासारखा झुकत नाही. लॅम्ब्टन काम करता करताच १८२३ मध्ये आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. आजही सिव्हिलच्या पोरापोरींना कॅम्पसवर क्लोज्ड ट्रॅव्हर्स करायला लावतात. पाच स्टेशनं घेतली तर आतल्या कोनांची बेरीज ५४० यायला हवी. ५३९ अंश ४० मिनिटं आली तर ती २० मिनिटं कुठे हरवली ते शोधायचं. म्हणजे सहावीतला धडा आम्ही विसाव्या वर्षी खऱ्या जमिनीवर पहिल्यांदा करतो. दहा वर्षं उशीर कशासाठी?

हे करणारी माणसं आपल्याकडे होऊन गेली आहेत, आहेतही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणू तालुक्यातल्या कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम केलं. गुरं चारायला जाणारी मुलं शाळेत येऊ शकत नाहीत, तर शाळाच कुरणावर न्यायची, म्हणून त्यांची ‘कुरणशाळा’. आणि आपल्यासारख्यांनी खास लक्षात ठेवावं असं नाव म्हणजे अरविंद गुप्ता. आयआयटी कानपूरचा इंजिनिअर, पुण्यात टेल्कोत नोकरी. १९७८ मध्ये ते मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि काड्यापेटीतल्या काड्या यांतून त्रिकोण, चौकोन, घनाकृती बनवायला लागले. काड्यांचा चौकोन दाबला की मोडतो, त्रिकोण मोडत नाही. हातात घेतल्यावर हे दोन मिनिटांत कळतं. पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी बरीच वर्षं काम केलं. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. इंजिनिअरने फक्त पॅकेजच्याच मागे लागावं असा काही नियम नाही, हे त्यांच्याकडे बघून कळतं. असो!

आता आक्षेप. मी मैत्रिणींशी यावर इतकी भांडले आहे की सगळे तोंडपाठ झालेत.

‘सिलॅबस कधी संपणार?’ बहुभुजाकृतींना तीन शनिवार सकाळ लागल्या. वर्गात हा धडा तितकाच वेळ खातो, आणि पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून शिकवावा लागतो तो वेळ वेगळाच.

‘साठ मुलांचा वर्ग एका शिक्षकाने मैदानावर कसा सांभाळायचा?’ हा आक्षेप खरा आहे. एकट्याने नाही सांभाळता येत. सात-आठ मुलांच्या गटामागे एक मोठं माणूस लागतं. म्हणूनच आपली गरज आहे, ते पुढे येतंच.

‘शहरातल्या शाळांना मैदान कुठे?’ बारा मीटरच्या दोरीला गच्ची पुरते, पार्किंगसुद्धा पुरतं.

‘शेवटी तो खेळच, शिकणं कुठे?’ यावर मात्र तीन नियम पाळावेत. एक, मैदानावर जाताना प्रश्न घेऊन जायचा. दोन, तिथे प्रत्येक गोष्ट मोजायची आणि आकडा लिहायचा. तीन, त्याच दिवशी, हात धुऊन झाल्याबरोबर, वहीत आकृती आणि आपल्या शब्दांत व्याख्या. वही उघडलीच नाही, तर तो फक्त पीटीचा तास झाला. मला वही नको नाहीये, मला वही शेवटी हवी आहे.

सरकारी कागदावर तर हे सगळं आहेच. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात शाळेतलं ज्ञान शाळेबाहेरच्या जगण्याशी जोडा, घोकंपट्टी सोडा, असं लिहिलंय. २०२० च्या शैक्षणिक धोरणात अनुभवातून शिक्षण आहे आणि सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना आहेत. धोरणात दहा दिवस दिलेत, पण त्या दिवसांत दोरी धरायला माणसं कोण देणार?

आपण देऊया ना! दरवर्षी आपलं एनएसएस भिंती रंगवतं आणि झाडं लावतं. त्यातली किती जगली, हे विचारायचं नसतं! त्याच तासांतून एका बॅचने चार शनिवार दिले, तर एका शाळेचा एक वर्ग त्रिकोणापासून षटकोनापर्यंत चालून येईल. आठ जणांचा एक गट. साहित्य : बारा मीटरची दोरी, वीस खुंट्या, तीस मीटरचा टेप, अर्धं पोतं फक्की आणि जुनी वर्तमानपत्रं. एका बर्थडेच्या केकपेक्षा खर्च कमी.

सिव्हिल डिपार्टमेंटच्या सरांना आणि मॅडमना एक विनंती. टोटल स्टेशन आल्यापासून आपल्या सर्व्हे लॅबच्या कपाटात मेट्रिक चेन, रेंजिंग रॉड आणि क्रॉस स्टाफ नुसते पडून आहेत. प्रॅक्टिकलच्या दोन आठवड्यांपुरते बाहेर येतात, पुसले जातात, परत आत. त्यातला एक सेट शनिवारपुरता सही घेऊन बाहेर द्यावा. लाल-पांढरे रेंजिंग रॉड बघितल्यावर सहावीच्या मुलांचे डोळे कसे होतील, याची कल्पना करा! आणि सेकंड इयरवाल्यांना व्हायव्हाच्या आधी सहावीच्या मुलांना ट्रॅव्हर्स समजावायला लावलं, तर व्हायव्हाचा निकालही सुधारेल, ही माझी खात्री.

आणखी एक सुचवते. नव्या विंगवर काम करणाऱ्या गवंडी काकांना एका शनिवारी पाहुणे म्हणून बोलवावं. त्यांनी गुण्या, ओळंबा आणि दोरी घेऊन मुलांसमोर एका खोलीचा पाया आखून दाखवावा. त्यांची मुलगी तेव्हा पहिल्या रांगेत असेल.

पुढच्या शनिवारी सकाळी सव्वासातला मी लेडीज होस्टेलच्या गेटपाशी दोरी घेऊन उभी असेन. ज्यांना यायचं त्यांनी यावं, ब्रँच कुठलीही चालेल. नाश्ता मेसमधून बांधून घेऊ. जुने बूट घालून या, फक्कीने पांढरे होतात.

(तृतीय वर्ष, सिव्हिल)